वात

वर्गात आम्ही नऊ जण.
पाच दुसरीकडे नंबर लागला नाही म्हणून आलेले,
एकाला वैमानिक व्हायचंय,
दोघं अजून सांगत नाहीत,
आणि मी, कारण फॉर्मवरच्या यादीत
हा विषय सगळ्यात खाली होता
आणि मला खालून वाचायची सवय आहे.

गल्लीत विचारतात, "मग, यंदा कसं काय?"
मी म्हणते, अजून थर्मामीटर वाचायला शिकतेय.
डोळा पाऱ्याच्या पातळीला आणायचा,
श्वास धरून ठेवायचा (आपला श्वासही हवाच असतो),
आधी दशांश टिपायचा, मग पूर्ण अंश,
कारण तुम्ही उभे राहिलात की
दशांशच आधी हलतो.
यात एक अख्खं सत्र गेलं
हे कुणाला पटत नाही.

मैदानाच्या टोकाला, बोरी नदीकडच्या कुंपणापाशी
चार पायांवर पांढरी, झडपांची पेटी.
दार उत्तरेला.
नवीन पोरं विचारतात, कबुतरं कुठायत?
आत चार नळ्या. एकीच्या बल्बाला मलमलीची चिंधी,
चिंधीला वात, वात बुडालेली बाटलीत.
बाटली भरतात उखर्डूभाऊ.

मे महिना. उखर्डूभाऊ पुतण्याच्या हळदीला चोपड्याला.
दुपारचे अडीच. डांबर चप्पल सोडेना.
मी दार उघडलं, वाचलं, लिहिलं:
कोरडा चव्वेचाळीस पूर्णांक सहा.
ओला चव्वेचाळीस पूर्णांक सहा.
तक्त्यावर बोट फिरवलं.
आर्द्रता शंभर टक्के.
खाली सही. वळणदार.

दुसऱ्या दिवशी भारंबे सरांनी रजिस्टर पुढ्यात सरकवलं.
"काल अमळनेर समुद्रात होतं का गं?
अशा हवेत माणूस टिकत नाही.
तू सही करायला उरलीस कशी?"
आठ जण हसले. वैमानिक जरा जास्तच.

इथे खोडरबर चालत नाही.
चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ,
खालचा आकडा दिसत राहील अशी.
शेजारी कारण. शेजारी पुन्हा सही.
मी पेन धरून बसले.

पप्पांचं दुकान स्टेशन रोडला, पत्र्याचं.
मार्च ते जून कूलर, मग गिरणीच्या मोटारी.
रात्री सगळं सांगितलं तेव्हा
ते एका कूलरची जाळी सोडवत होते,
जुनं गवत काढून नवं भरत,
कोपरापर्यंत ओले.
म्हणाले, "हवा तिसी शे, माय.
ती पानी पेस, तव्हय गार व्हस.
सावनमा मना कूलरले कोन पुसस?"
मग, तोंडात खिळा धरून, शुद्ध मराठीत,
गिऱ्हाइकाशी बोलावं तसं:
"थंड करत नाही म्हणून तक्रार आली
की मी आधी गवत बघतो. मोटार नंतर."

पुस्तकात याला पाच ओळींचं समीकरण आहे.
परीक्षेत मी ते बिनचूक लिहिलं होतं.

सकाळी रजिस्टरात लिहिलं:
वात कोरडी. निरीक्षकाने पाहिली नाही.
लिहिताना वाटलं, वात म्हणजे वारासुद्धा,
आणि त्या दुपारी
तोही नव्हता.

उखर्डूभाऊ परतले, नखांत हळद,
रुमालात चार बुंदीचे लाडू.
बाटली भरलेली पाहून त्यांना राग आला.
मग त्यांनी रजिस्टर लांब धरून वाचलं,
चष्म्याशिवाय, ओठ हलवत.
"मी रजेवर होतो, हे नाही लिवलं?"
"ते कारण नव्हतं."
ते काही बोलले नाहीत.
बाटली पुन्हा ओतली, विसळली, पुन्हा भरली,
वात चिमटीत धरून सरळ केली,
आणि मला म्हणाले, लाडू खा,
पण त्या दारापाशी नको,
मुंग्या लागतात.

अडीच वाजता: कोरडा पंचेचाळीस पूर्णांक एक.
ओला चोवीस पूर्णांक तीन.
तक्ता उघडण्याआधी
मी खाली वाकून
वात पाहिली.